बिनपोत्याचा मका आणि दादा

दादा गेला तो बसल्या जागी. हे मला अजून पटत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर चहासुद्धा उभ्याने प्यायला, तो गोविंदपुऱ्यातल्या आपल्या गाड्यांच्या आवारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतो काय, "जरा दम घेतो" म्हणतो काय आणि जातो काय! फोन आला तेव्हा मी बाग सेवनियाच्या बाजारात मेथीच्या जुड्या बघत होते. कुंदावहिनी, म्हणजे दादाची बायको, एवढंच म्हणाली, "सुमन, तू ये." मी म्हटलं, "दादाला दे ना फोन." मेथी तिथेच राहिली. तेव्हापासून माझं एका जागी चित्त नाही. दूध गॅसवर ठेवते आणि गॅलरीत जाऊन उभी राहते. होशंगाबाद रोडवरून मोठी गाडी गेली की आपोआप मान वळते. दूध रोज उतू जातं.

आमचे वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आलेले कारकून. तुलसी नगरच्या क्वार्टरात आम्ही वाढलो. मुलगा शिकावा, फॅक्टरीत लागावा, पेन्शनीत निघावा, एवढंच त्यांचं मागणं. दादा शिकला, गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यात लागलाही, आणि एक दिवस नोकरी सोडून चक्क ट्रक घेऊन आला. बाबांनी जेवण सोडलं. "आपल्यात कोणी ट्रकवाला झालाय का रे?" दादा म्हणाला, "नाही ना? मग जागा रिकामीच आहे की!" असला फटकळ. तो बोलला की आपण रागवायचं की हसायचं तेच कळायचं नाही.

बरं, ट्रक तरी साधा असावा! तोही नाही. त्याने घेतला तो बल्कर. बल्कर म्हणजे चाकांवरची भलीमोठी बंद टाकी. वर झाकणं, खाली नळ्या, आणि आत पोती नाहीत, नुसता मोकळा माल. या टाक्यांतून लोक सिमेंट नेतात, हा नेणार होता मका आणि सोयाबीनची पेंड, कोंबड्यांच्या खाद्याच्या कारखान्यांकडे. मंडीतले लोक हसले. धान्य पोत्यातच असतं, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा समज. पोती भरा, शिवा, उचला, उतरवा, उसवा, आणि वाटेत सांडेल ते कबुतरांना. दादाला त्या शिवण्या-उसवण्याचाच वैताग. "सुमे, तू अंड्याची पोळी खातेस ना, ते अंडं माझ्या गाडीतून येतं," तो म्हणायचा. "शेतकऱ्याचं सगळ्यांना ठाऊक, कोंबडीचं सगळ्यांना ठाऊक. मधल्या रस्त्याला कोण विचारतो?" मी म्हणायचे, "तुझ्या त्या मधल्या रस्त्याला एकदा सुट्टी दे आणि डॉक्टरकडे जा." तर हा गाडीची किल्ली फिरवत दारात. मक्याचा हंगाम संपला की जाऊ, म्हणायचा. मका संपला की सोयाबीन, सोयाबीन संपलं की गहू... छातीतल्या दुखण्याची पाळी काही आली नाही.

कुंदावहिनी मात्र त्या गाड्यांच्या वाऱ्यालाही उभी राहत नसे. त्याला कारण घडलं होतं. पहिल्याच दसऱ्याला बल्करची पूजा होती. हार झाला, चाकांखाली लिंबं झाली, पुढच्या चाकापाशी नारळही फुटला. वहिनीचं समाधान होईना. "अहो, धान्य आत असतं. लक्ष्मी आत, मग पूजा बाहेरच्या बाहेर कशी?" दादा पेढे आणायला गेलेला. तिने कलशातलं पाणी आणि नारळाचं पाणी इक्बालभाईंच्या हाती दिलं. इक्बालभाई दादाचे पहिल्यापासूनचे ड्रायव्हर. भाभींचा शब्द मोडायचा कसा? बिचारे भक्तिभावाने शिडी चढले आणि वरचं झाकण उघडून टाकीत दोन्ही पाणी ओतून आले, वर मूठभर अक्षता. दुसऱ्या दिवशी तीत पेंड भरली. कारखान्यात नळी जोडली, तर बाहेर काही येईना! तळाशी पेंडीचे गोळे होऊन बसलेले, वास सुटलेला. सगळा माल परत. रात्री जेवताना दादा फक्त म्हणाला, "लक्ष्मीला सर्दी झाली, कुंदा." आम्ही सगळे फुटलो हसून. वहिनी तेवढी हसली नाही. ताट तसंच ठेवून उठली, आणि त्यानंतर कधी आवारात पाऊल म्हणून टाकलं नाही. दादाने मागून किती मनधरणी केली, पण ती मेली हट्टी.

आणि दादा गेला त्याच दिवशी तिच्यावर ही वेळ यावी! घरात त्याला ठेवलेलं, माणसं जमलेली, आणि दाराशी इक्बालभाई घुटमळत होते. आत येईनात, बाहेरही जाईनात. मीच उठून गेले. खालमानेने म्हणाले, "दीदी, गाड़ी भरी खड़ी है. नया मक्का है, नमी है उसमें." गरम पोळी झाकणाच्या डब्यात कोंबली की तिला पाणी सुटतं, तसंच ओल्या मक्याचं बंद टाकीत होतं. आजच्या आज पोहोचला नाही तर तापणार, बुरसणार. तिकडे कोंबड्या खाद्याविना. काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, कडाडले, "घरात मयत आहे आणि गाड्या कसल्या हलवता? सुतकात धंदा?" मला वाटलं, बरं झालं, कोणीतरी बोललं. तेवढ्यात दादाच्या उशाशी बसलेली वहिनी, वर न बघता म्हणाली, "इक्बालभाई, तुम्ही निघा. माल पोहोचवा."

ते गेले. ज्या माणसाने दादाला शेवटच्या क्षणी खुर्चीतून सावरलं, तो त्याला खांदा द्यायला नव्हता. भदभद्याच्या स्मशानघाटावर माझी नजर सारखी त्यांना शोधत होती. मला वहिनीचा असा संताप आला म्हणून सांगू! म्हटलं, माणसाला त्या टाक्यांनी खाल्लं, आणि आता त्याच्या शेवटच्या निरोपातही त्यांचाच मान?

तेरावं झाल्यावर मी हात धुऊन मागे लागले. गाड्या विक. बंगळुरूहून दादाची मुलगीही फोनवर तेच म्हणत होती, "आई, सगळं मोकळं कर आणि माझ्याकडे ये." वहिनी हो म्हणेना, नाही म्हणेना. भांडी घासून झाली की पुन्हा घासायची. शेवटी गिऱ्हाईकही मीच शोधलं आणि मागच्या आठवड्यात तिला रिक्षात घालून आवारात नेलं. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा तिथे आली होती. गिऱ्हाईक भला माणूस. टाकीवर हात फिरवत म्हणाला, "बढ़िया रखी है भाभीजी. हम तो इसमें राख ढोएँगे, बिजलीघर की."

वहिनीने विचारलं, "फिर उसके बाद अनाज?"

"अरे, राख के बाद अनाज कौन भरता है!"

ती गाडीकडे बघत राहिली. मी म्हटलं, "वहिनी, सही कर आणि चल, ऊन वाढतंय." तिने चपला काढल्या. पदर खोचला आणि मागच्या लोखंडी शिडीला हात घातला. गुडघे दुखतात म्हणून देवळाच्या पायऱ्या न चढणारी ही बाई! इक्बालभाई खाली दोन्ही हात पसरून उभे, मी ओरडतेय, "अगं पडशील, वेड लागलंय का?" ती वर पोहोचली. झाकण ओढून उघडलं आणि कमरेपर्यंत आत वाकली.

आतून तिचा आवाज आला. टाकी रिकामी, त्यामुळे तो घुमला, मोठा होऊन बाहेर आला.

"अहो..."

पुढचं काही मला ऐकू आलं नाही. इक्बालभाईंनी तोंड फिरवलं. खूप वेळाने ती सरळ झाली. नाकाला, कपाळाला मक्याची पिवळी धूळ लागलेली. वरूनच गिऱ्हाईकाला म्हणाली, "भैया, माफ़ करना. इसमें राख नहीं जाएगी." मग इक्बालभाईंना, नेहमीच्या घरच्या आवाजात, "कोपऱ्यात दाणे राहिलेत. झाडून घ्या आणि उद्या मका भरा."

मला राग यायला हवा होता. सगळी माझी खटपट पाण्यात गेली होती. पण मी त्या उघड्या झाकणाकडेच बघत होते... दादा गेल्यापासून त्याला कुठे जाऊन हाक मारावी, तेच मला कळत नव्हतं. वहिनी एकेक पायरी चाचपत खाली उतरली आणि बाजूला सरली.

मग मीही चपला काढल्या.