जाड टायर, बारीक सायकल

सायकल चालवताना किस्से होत नाहीत. चालवताना माणूस धापा टाकतो, किस्सा कुठून करणार? किस्से होतात उतरल्यावर, चहाच्या टपरीवर. आणि एक सांगायला घेतला की साखळीला काळा मळ चिकटावा तसे बाकीचे चिकटत जातात.

आमच्या ग्रुपचं नाव 'चाकोरीबाहेर'. गेली कित्येक वर्षं आम्ही दर रविवारी पडेगावच्या त्याच रस्त्यानं दौलताबादच्या त्याच टपरीवर जातो आणि त्याच रस्त्यानं परत येतो. ही विसंगती अजून कुणी बोलून दाखवलेली नाही. दाखवली तर त्याला ग्रुपमधून काढतील!

त्यातले तिघं सांगण्यासारखे. भालेराव सर ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतात. काझी वकील कोर्टात कमी आणि सायकलच्या दुकानात जास्त सापडतात. गोरख वैजापूरकडचा, घरी अजून मेंढरं आहेत, हा इथं एमआयडीसीत नोकरीला. चौथा मी. मी फक्त ऐकतो.

* * *

हे सगळं सुरू झालं सरांच्या पडण्यानं. पडेगावच्या अलीकडे एक खड्डा आहे. सरांचं टायर तेवीसचं, म्हणजे तेवीस मिलिमीटर, बोटाएवढं बारीक, आणि हवा भरून दगडासारखं कडक केलेलं. चाक खड्ड्यात गेलं आणि सर हवेत!

खांद्याचं हाड मोडलेलं, तरी रस्त्यावर पडल्या पडल्या सर म्हणाले, "कोन चुकला."

गोरख म्हणाला, "सर, कोन नाय चुकला. खड्डा घावला!"

भालेराव वहिनी दवाखान्यात हाडांच्याच वॉर्डात सिस्टर आहेत. प्लास्टर सुटलं त्या दिवशी त्यांनी हुकूम काढला. "जाड टायर बसवा. तोवर सायकल गॅलरीतून हलणार नाही."

सर सायकलशिवाय म्हणजे अर्धे सर. रविवारी टपरीवर रिक्षानं यायचे आणि आमच्या सायकलींकडे बघत चहा गार करायचे. बघवत नसे हो!

* * *

जाड टायर आणणं सोपं. पण ते बसवायचं कशावर? आपल्याकडे चाकाच्या गोल पट्टीला 'रिंग' म्हणतात. सरांची रिंग आतून जेमतेम पंधरा मिलिमीटर. तिच्यावर सरांनी हौसेनं बत्तीसचं टायर चढवलं. ते फुग्यासारखं वर फुगलं, आणि गल्लीत एक चक्कर मारली तर वळणावर चाक इकडे आणि टायर तिकडे जाऊ बघतंय!

सरांनी टपरीवरच्या पेपरच्या कोऱ्या कडेवर बल, क्षेत्रफळ, सगळं मांडून आम्हाला कारण समजावलं. आम्ही माना डोलावल्या.

काझी वकील म्हणाले, "अजी सर, दुबले दुल्हे के सर पे इत्ता बडा साफा रखे तो मोड पे हिलताइच ना!"

पेपर भज्यांना गेला.

* * *

वकीलसाहेबांना मात्र बोलायला तोंड नव्हतं. त्यांनी आदल्या वर्षी कार्बनची भारी, ऐसपैस रुंद रिंग घेतली होती. आणि तिच्यावर जुनंच तेवीसचं टायर ओढून-ताणून बसवलं! रिंग टायरच्या दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावत होती.

"ये हवा काटती है," असं ते आम्हाला महिनाभर ऐकवत होते.

पहिल्याच जोरदार स्पीडब्रेकरवर टायर दबलं आणि रिंगेला तडा गेला. गोरख खाली वाकून बघत म्हणाला, "वकीलसाहेब, हवा कापली का नाय ठाव नाय. पर रिंग मातर कापली!"

* * *

थोडक्यात, जाड टायरला रुंद रिंग हवी, हे ठरलं. आता सगळा ग्रुप सरांसाठी रिंग शोधायला लागला. त्यात गोरखही. एकदा वैजापूरला घरी गेला असताना अंगणात उभा राहून तो मला फोनवर सांगत होता, "रिंग पसंत हाय. पर जुळंल का नाय, ते बघाया लागंल."

आई आत भाकरी थापत होती. तिच्या कानावर 'पसंत' आणि 'जुळंल' एवढंच पडलं. तासाभरात मामा हजर! गोरखचं लग्नाचं वय उलटत चाललेलं, त्यामुळं मामांनी चहासुद्धा घेतला नाही. थेट विचारलं, "कुठली हाय?"

गोरख भोळा. म्हणाला, "तैवानची."

 मामा इकडे-तिकडे बघून हळूच म्हणाले, "तिथं आपल्यातलं कुणी हाय का?"

* * *

शेवटी आतून एकवीसची रिंग आली. सर कॉलेजच्या प्रयोगशाळेतून बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर घेऊन आले. अठ्ठावीसचं टायर तिच्यावर चढवून मोजलं तर तीस भरलं. तेच टायर जुन्या रिंगेवर मोजलं तर सत्तावीससुद्धा भरेना. सर संतापले. "मग टायरवर छापलंय ते काय आहे?"

वकील म्हणाले, "सर, ती जन्मतारीख आहे. शाळेतली वेगळी, असली अलग!"

सरांची स्वतःची जन्मतारीख एक जून आहे. त्यांनी व्हर्नियर मिटून खिशात घातला.

* * *

वहिनींनी मंजूर केलं होतं बत्तीसचं टायर. नव्या रिंगेवर बत्तीस चढवलं, ते अजूनच रुंद झालं आणि ब्रेकला घासायला लागलं. चाक फिरेचना. सरांनी घरी जाऊन खरं सांगितलं, की सायकलमध्ये जागा कमी पडते.

वहिनी म्हणाल्या, "आधी टायर बारीक होतं. आता सायकल बारीक झाली?"



* * *

म्हणजे उरलं अठ्ठावीसचं टायर, आणि ते वहिनींच्या गळी उतरवायला आम्ही सगळे सरांच्या मुकुंदवाडीच्या घरी गेलो. थाट अगदी मुलगी बघायच्या कार्यक्रमाचा! फक्त चाक दिवाणावर आणि आम्ही पाहुणे खुर्च्यांवर. पोहे आले. सर कोपऱ्यात, नवऱ्या मुलीपेक्षा जास्त घाबरलेले.

वकिलांनी बाजू मांडली. आतली रुंदी, बाहेरची रुंदी, हवा किती कमी ठेवायची, धक्का किती कमी बसेल. सरांनी व्हर्नियर लावून दाखवला. गोरखनं चाक फिरवून दाखवलं.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्या दिवशी स्ट्रेचर आलं तेव्हा मी ड्यूटीवर होते. रोजच्यासारखं मान खाली घालून पेशंटचं नाव विचारलं. ह्यांचा आवाज आला. तेव्हापासून कुठलंही स्ट्रेचर आलं की मी आधी चेहरा बघते."

कुणी पोह्यांना हात लावला नाही. 

"तुम्ही रिंग मोजली, टायर मोजलं," वहिनी म्हणाल्या. "खड्डा कुणी मोजला?"

आम्ही चाक तिथंच दिवाणावर ठेवून निघालो.

पुढच्या रविवारी पडेगावच्या अलीकडे आम्ही थांबलो होतो. सरांच्या रिक्षाची वाट बघत होतो. तर लांबून एक स्कूटर आली, अगदी हळू. स्कूटरवर हेल्मेट घातलेल्या वहिनी. आणि मागं, सायकलवर, सर!

गोरख माझ्या कानाशी कुजबुजला, "आरं, चाकं तर जुनीच हायती!"

खरंच जुनी होती. तेच बोटाएवढं टायर. वहिनी आमच्याजवळ थांबल्याच नाहीत. सरळ पुढं गेल्या, त्या खड्ड्यावर स्कूटर आडवी लावली, खाली उतरल्या आणि एक हात आडवा करून ट्रॅफिक हवालदारासारख्या उभ्या राहिल्या. मागून ट्रक हॉर्न देत होता, तिकडे ढुंकूनही बघितलं नाही.

सर बाजूनं निघाले. हँडल घट्ट धरलेलं, पण मान वळलेली.

वहिनी ओरडल्या, "अहो, माझ्याकडं काय बघताय? रस्त्याकडं बघा!"