हैदराबादसाठी केलेली गाडी

रशीद गेल्याचा फोन आला तेव्हा मी दूध आणायला निघालो होतो. फोनवर त्याचा मेव्हणा होता. "दिगंबरभाऊ, रशीदभाई गेले. पहाटे," एवढंच तो बोलला. मी "बरं" म्हणालो, फोन खिशात टाकला आणि दुकानात जाऊन दूध घेऊन आलो. ते तापवलं, उतू जाऊ न देता उतरवलं, आणि मग ओट्याला धरून उभा राहिलो. बायको काय झालं म्हणून विचारत होती. ही बातमी येणार हे मला कित्येक आठवडे ठाऊक होतं. ठाऊक असल्याचा काडीइतका उपयोग झाला नाही.

आम्ही दोघं शेंद्र्याच्या एकाच कारखान्यात होतो. तो देखभाल विभागात, मी स्टोअरमध्ये. उस्मानपुऱ्यातून कंपनीच्या बसला एकाच थांब्यावर चढायचो, शेजारी बसून डबा कुणाचा चांगला यावर गप्पा मारायचो, आणि आत गेलो की स्टोअरच्या खिडकीच्या दोन बाजूंना उभे राहून भांडायचो. त्याला बेअरिंग आत्ता, या क्षणी हवं असायचं आणि मला साहेबांच्या सहीशिवाय ते द्यायचं नसायचं. "तू माल देतोस का मुलगी देतोस रे?" असं तो सगळ्यांदेखत ऐकवायचा. निवृत्त झाल्यावर आमच्यातली बाकीची मंडळी गुडघ्यांना तेल चोळायला लागली, आणि यानं पुण्याहून एक जुनी पण भलीमोठी मोटारसायकल आणली. वेगानं पळणारी आणि लांबच्या प्रवासालाही चालते म्हणून विकली जाते तसली. त्याच्या बायकोनं, नसीमभाभींनी, ती अंगणात पाहिली आणि विचारलं, "ह्याच्यावर पिशवी कुठं ठेवायची?" पुढं त्या गाडीचा उल्लेख 'तुमची दुसरी' असाच करायच्या.

गाडी घेण्यामागं कारण होतं. त्याची एकुलती एक मुलगी समीना लग्न होऊन हैदराबादला गेली होती. नवराबायको रेल्वेनं तिच्याकडं जायचे, पण तिच्या दारात एकदा मोटारसायकलवर जाऊन उभं राहायचं, हॉर्न वाजवायचा, ती गॅलरीत आली की हेल्मेट काढायचं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्याची तयारी म्हणून तो आधी सिल्लोडला जाऊन आला आणि दोन दिवस पलंगावर पालथा पडून राहिला. त्या गाडीचं हँडल खाली आणि फुटरेस्ट मागं. बसलेला माणूस वाकून कुणाची तरी माफी मागतोय असं दिसायचं. मी म्हणालो, "पोरांची गाडी आहे ही. विकून टाक." तर म्हणाला, "गाडी पोरांची नाय, बसणं पोरांचं आहे. बसणं बदलता येतं."

मग ते अंगणातलं काम सुरू झालं आणि माझ्या रिकाम्या दुपारी त्यात जायला लागल्या. हँडलाखाली ठोकळे बसवून ते वर आणि अंगाजवळ घेतलं. फुटरेस्ट खाली, थोडे पुढं आणले. छातीवर वारा बसून माणूस दमतो म्हणून पुढची काच उंच केली. पण त्याचा सगळा जीव सीटवर. कव्हर काढून तो फोमवर खडूची पूड भुरभुरवायचा, काळी पँट घालून त्यावर बराच वेळ बसायचा, आणि उठला की बुडाची हाडं जिथं टेकली तिथली पूड पँटला लागून आलेली असायची. तेवढी जागा कोरून तिथं मऊ तुकडा बसवायचा. कव्हर भाभी शिवायच्या. रेक्झिनवर मशीनची सुई मोडली की आम्हा दोघांचाही उद्धार व्हायचा. आणि हा गृहस्थ मागं दोन पांढरे ठसे घेऊन तसाच चौकात चहाला यायचा, लाज नावाची चीज नाही.

एवढं करूनही कंबर दुखायची थांबेना. इथं आमचं सगळ्यांचंच चुकलं. गाडी हाती आल्यावर दुखायला लागलं, म्हणजे गाडीमुळंच दुखतंय, असं आम्ही धरून चाललो. हँडल आणखी एक ठोकळा वर गेलं. शॉकअप मऊ केले. सीट पुन्हा उघडली, पुन्हा कोरली. प्रत्येक वेळी तो चिकलठाण्यापर्यंत चक्कर मारून यायचा, उतरायचा, जरा वेळ कमरेवर हात ठेवून उभा राहायचा आणि म्हणायचा, "आता बरंय. जरासं राहिलंय." कारखान्यात तीस वर्षं ज्यानं आवाजावरून मशीनचं दुखणं ओळखलं, तो स्वतःचं दुखणं मोटारसायकलीत शोधत राहिला, आणि ते त्याच्या मणक्यात होतं. कळलं तेव्हा आजार हाडांमध्ये पसरला होता. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, बरं नका करू. हैदराबादपर्यंत बसता येईल एवढंच करा."

समीनाला तेव्हा दिवस गेलेले होते, तिला प्रवासाची मनाई होती. म्हणजे भेटायचं तर यानंच जायला हवं. रेल्वे आहे, कार आहे, सगळ्यांनी सांगून पाहिलं. "पडून जायचं तर कधीबी जायचंच आहे," तो म्हणाला, "तिनं मला बसलेला बघावं." आम्ही गाडी पुन्हा काढली. पुन्हा खडूची पूड. आधी ठसे तळहाताएवढे यायचे, आता टोकदार, लहान आले होते. अंगावर मांस राहिलं नव्हतं. तो ठशांकडं बघत राहिला, मी दुसरीकडं बघत राहिलो. "लई खोल कोरावं लागंल," एवढंच म्हणाला, आणि भाभींची सुरी मागितली.

निघालो त्या सकाळी मी सोबत म्हणून माझी स्कूटर काढली होती. पुढच्या गावापर्यंत बघू, मग पुढचं पुढं, असं ठरलं होतं. तो चढला, ऐटीत बसला, अगदी सरळ. माफी वगैरे काही मागत नव्हता. नव्या कोऱ्या सतरंजीवर बसावं तसा चेहरा. भाभी दारात उभ्या होत्या. त्यानं गाडी स्टँडवरून सरळ केली, आणि ती एका बाजूला कलायला लागली. डाव्या पायात तिला पेलण्याइतका जोर राहिला नव्हता. मी धावत जाऊन धरली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. मग तो सावकाश उतरला, हातमोजे काढले, ते माझ्या हातात दिले आणि म्हणाला, "तू चालव. मी मागं बसतो."

मागं बसला तेव्हा आम्हाला दोघांनाही एकदमच कळलं. इतक्या महिन्यांत मागच्या सीटला आम्ही हातसुद्धा लावला नव्हता. ती होती तशीच, उंच, अरुंद, फळीसारखी कडक. मागं कोण बसणार, असा प्रश्नच कधी आला नव्हता. "घ्या," तो म्हणाला, "पुढं गादी, मागं पाट." आणि हसला. मी माझा स्वेटर घडी करून त्याच्याखाली दिला. पुढच्या सीटवर, त्याच्यासाठी कोरलेल्या जागेत मी बसलो, आणि ती इतकी आरामशीर होती की माझ्या अंगावर काटा आला.

शेंद्रा गेलं. आपल्या कारखान्याच्या फाट्याकडं त्यानं बोट केलं. करमाड गेलं. मी जमेल तेवढं सांभाळून चालवत होतो, तरी प्रत्येक खड्ड्याला त्याचा श्वास माझ्या पाठीला कळत होता. मी दोनदा थांबू का विचारलं, दोनदा "चल" म्हणाला. बदनापूरला त्यानं खांद्यावर थाप मारली. रस्त्याकडेच्या हॉटेलात बाकड्यावर त्याला आडवं केलं. चहा आला, निवला. त्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी येत होतं. ते दुखण्याचं होतं की कशाचं, मी विचारलं नाही. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "परत फिरव, दिगंबर. नाय जमत." घरी त्याला रिक्षातून आणलं, गाडी मी दुसऱ्या दिवशी जाऊन आणली. पुढं रेल्वेची तिकिटं काढली, पण त्याआधीच दवाखान्यात न्यावं लागलं, आणि तिथून तो नीटसा उठलाच नाही. समीनाला मुलगा झाला तो त्यानं फोनवर पाहिला.

परवा त्याचा चाळिसावा दिवस झाला. समीना बाळाला घेऊन आली होती. जेवणं आटोपल्यावर मी अंगणात गाडीवरची धूळ पुसत होतो. चालवत कुणीच नाही, पण ती तशी पडलेली मला बघवत नाही. समीना बाहेर आली. बराच वेळ काचेवरून, हँडलावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "चाचा, खरं सांगा. त्या दिवशी अब्बूंना लई त्रास झाला का?"

"नाही गं," मी म्हणालो. "सगळी त्याच्या मापाची केली होती ना. आरामात बसला होता."

"अम्मी म्हणाली, ते मागं बसले होते."

मी पुन्हा टाकी पुसायला लागलो.

"मग मला मागं बसवून न्या जरा. जालना रोडनं."

भाभी नवऱ्यामागं पाळायच्या इद्दतीत, म्हणून आतल्या खोलीत. पडद्याआडून त्यांचा आवाज आला, "न्या भाऊ तिला. बाळ झोपलंय." आम्ही निघालो. चिकलठाणा मागं पडलं. एका खड्ड्यात गाडी आदळली आणि तिनं माझा खांदा धरला.

"लई टोचतंय हो, चाचा."

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "हो," मी म्हणालो. "त्यालाही टोचत होतं. निघाल्यापासून."

ती मागं जराशी हलली, पुन्हा तिथंच नीट बसली. "तरी बदनापूरपर्यंत आले," ती म्हणाली.

मला पुढचा रस्ता दिसेना. गाडी कडेला घेतली आणि आम्ही दोघं खाली न उतरता तसेच बसून राहिलो.