आबांची न पाठवलेली चाल

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात काळ्या-पांढऱ्या फरश्या आहेत. मी गणित शिकवते, दिवसातून दहा वेळा तिथून ये-जा करते, आणि एकदा तरी त्या फरश्यांवर तोच डाव मांडलेला दिसतो. पांढरा वजीर मधोमध, काळा राजा कोपऱ्यात. आबांना जाऊन दीड वर्ष झालं, तरी हा डाव काही जात नाही.

आबा म्हणजे माझे वडील. दीपनगरच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाले आणि आई गेल्यावर जळगावला माझ्याकडे राहायला आले. त्यांच्यासमोर खेळणारे ते धुळ्याचे नाना, एसटीच्या वर्कशॉपमधले. दोघे पिंपळनेरच्या एकाच गल्लीत वाढले, एकाच पटावर शिकले. तरुणपणी दोन्ही जिल्ह्यांत या दोघांना हरवणारा तिसरा कोणी नव्हता. अशा दोघांचं जमणं अवघडच.

नाना जुन्या देशी वळणाचे. त्यांच्या आजोबांच्या खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं, राजाला हत्तीआड लपवणारा किल्लेकोट नव्हता, आणि प्याद्याने मात दिली तर तिचा मान सगळ्यात मोठा. पुढे नियम बदलले, नानांचं मन बदललं नाही. घोडा, उंट, हत्ती, हाताला लागेल ते राजाच्या अंगावर फेकायचं. आबांनी वाचनालयातली पुस्तकं आणून वेगळाच खेळ बसवला. घाई नाही, बळी देणं नाही. एक चांगलं घर धरायचं, समोरच्याचं एक प्यादं दुबळं करायचं आणि मग नुसतं दाबत राहायचं.

चोपड्याच्या एका स्पर्धेत आबांनी नानांना सहा तास असं दाबून हरवलं. नाना भर मांडवात म्हणाले, "हाऊ खेयस नही, समोरनाले कटाया आणीसन मारस." कंटाळा आणून मारतो, यावर लोक हसले. आबा उठले ते बोलणंच टाकून. तीस-पस्तीस वर्षं दोघांनी एकमेकांशी एक शब्द काढला नाही.

पण तीनच महिन्यांनी धुळ्याहून पोस्टकार्ड आलं. वर पत्ता, आत एक चाल. आबांनी दुसऱ्या दिवशी उलट कार्ड टाकलं, त्यातही एक चाल. तेव्हापासून रीतच पडली. सप्रेम नमस्कार नाही, खुशाली नाही, फक्त चाल. माझं लग्न झालं ते आबांनी कळवलं नाही. एकदा मात्र नानांची चाल वाचून आबा म्हणाले, "त्याना घरमा काही तरी व्हयेल शे. असा तो खेयस नही." आठवड्याने पिंपळनेरहून निरोप आला की नानांची बायको गेली. आबांनी तेव्हाही फक्त चाल पाठवली, पण मुद्दाम मऊ खेळले. चालीवरून ते एकमेकांचं मन ओळखतात, हे मला माहीत होतं. माहीत असून मी जे केलं ते केलं.

पुढे कार्डांची जागा मोबाइलने घेतली, रीत तीच राहिली. आबांना टायपिंग जमेना, म्हणून ते चाल सांगत आणि मी पाठवत असे.

मग आबा विसरायला लागले. एकदा ते मला बसस्टँडवर सापडले. दीपनगरची बस कुठे लागते, कामाची पाळी चुकेल, असं कंडक्टरला विचारत होते. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि यापुढे उतारच आहे असं समजावलं. मी कोणाला काही सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, आमच्या घरात हीच शिकवण. पटावर मात्र आबा रोज बसायचे.

एका सकाळी त्यांनी चाल सांगितली आणि मी पटाकडे बघतच राहिले. वजीर फुकट जात होता. आठवीतल्या मुलाने केली असती तर मी ओरडले असते. आबा खुशीत होते, म्हणाले, "धाड, धाड लवकर." तीस वर्षं ज्याच्याशी झुंजले, त्या माणसापुढे माझा बाप असा उघडा पडणार, हे मला सोसलं नाही. मी मोबाइलमधल्या बुद्धिबळाच्या अॅपला डाव दाखवला आणि त्याने सुचवलेली चाल धुळ्याला पाठवली.

एक खोटं सांगितलं की दुसरं सांगावंच लागतं. त्यानंतरच्या सगळ्या चाली संगणकाच्या. आबांचा पट मी पाठवलेल्या चालींप्रमाणे लावून ठेवायची. ते येऊन बसायचे, मोहरे न्याहाळायचे आणि म्हणायचे, "वजीर आठे नव्हता ना?" मी म्हणायची, "इथेच होता आबा, विसरलात तुम्ही." ते मान डोलवायचे. "माले आते काहीच समजस नही." त्यांना जेवढं बरोबर आठवत होतं, तेवढंही मी खोटं पाडलं. याची लाज मला अजून वाटते.

संगणक माणसांसारखा खेळत नाही. हल्ली पोरंही त्याच्याकडून शिकून कडेचं, हत्तीपुढचं प्यादं बिनधास्त रेटतात. आबांच्या पुस्तकांत तो गुन्हा होता. घराचं दार उघडं टाकून बाजाराला निघाले, असं ते म्हणायचे. सातव्या महिन्यात अॅपने नेमकं तेच प्यादं पुढे सरकवलं. नानांचं उत्तर चार दिवसांनी आलं. "डाव सोडला. असा तू कधीच खेळला नाहीस. भेटायला येतो."

रविवारी सकाळी नाना आले. पांढरा शर्ट, हातात केळ्यांची फणी. आबा खुर्चीतून म्हणाले, "या. पाव्हना कोठला?"

नाना उंबऱ्यातच थांबले. मग म्हणाले, "धुयाना."

"धुयाले मना एक दोस्त शे," आबा म्हणाले. "भारी खेयस. आज त्यानी चाल येवाव शे."

नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आबांसमोर बसले, डाव मांडला, आणि ते कडेचं प्यादं पुढे ठेवून हळूच कारण विचारलं, "हाई चाल काब्र खेयना तू?"

आबांनी पटावर वाकून पाहिलं. आजारी माणसाचा नव्हता, खेळाडूचा आवाज होता तो. "हाई चाल मनी नही."

नाना चहा न घेता निघाले. मी स्टँडपर्यंत सोबत गेले आणि धुळ्याच्या गाडीपाशी सगळं सांगून टाकलं. म्हटलं, आबांची लाज राखायची होती. नाना माझ्याशी शहरी मराठीत बोलत, तसंच शांतपणे बोलले.

"माय, ती पहिली चुकीची चाल कोणती होती?"

मी सांगितली.

"ती आली असती तर मी दुपारच्या गाडीने आलो असतो," ते म्हणाले. "वजीर फुकट देणारा माणूस नाही तो. मला लगेच कळलं असतं." कंडक्टरने घंटी मारली, तरी ते पायरीवर उभेच राहिले. "तेव्हा, सात महिन्यांपूर्वी, त्याने मला ओळखलं असतं का?"

'नाही' असं खोटं बोलणं सोपं होतं, आणि त्यात आता माझा हात बसला होता. पण मी म्हणाले, "हो नाना. ओळखलं असतं."