आवाज बसतो तेव्हा

सुनेत्रा घटाटेला माणसांचे चेहरे लवकर लक्षात राहत नसत. आवाज राहत. बाजारात कुणी हसून नमस्कार केला की ती गोंधळून बघत राही, आणि माणूस बोलला की लगेच म्हणे, "अच्छा, तुम्ही होय! फोर्जिंग शॉपवाले!" जबलपूरच्या तोफांच्या एका कारखान्यात नऊ वर्षं टेलिफोन बोर्डावर बसून तिचा कान असा झाला होता.

कारखान्यात बोर्ड दोन. एक मोठ्या ऑफिसात, तो सुनेत्राचा. दुसरा तिथून लांब, शेडच्या बाजूला. चिनी युद्धानंतर कारखाना वाढला तेव्हा तो बसवला, म्हणून त्याला सगळे नवा बोर्ड म्हणत. शेडमधल्या माणसाला ऑफिसात बोलायचं असलं की फोन आधी नव्या बोर्डावर जाई, तिथली बाई तो सुनेत्राकडे पाठवी, आणि सुनेत्रा दोरी खोचून पुढे जोडून देई. दोघी आपापल्या खोलीत एकट्या. दिवसभर एकमेकींच्या कानात, आणि एकमेकींना दिसत नाहीत.

या नव्या बोर्डावर चार वर्षं विभावरी होती. पुढे लग्न होऊन इटारसीला गेली.

विभावरीच्या आवाजाबद्दल काय सांगावं? गोड म्हणावा तर तसा नव्हता. जरा जाड होता, सकाळी उठल्याउठल्या असतो तसा. पण ती "नंबर प्लीज" म्हणाली की समोरच्याला वाटे, ही आपलीच वाट पाहत होती. भांडायला फोन उचललेले फोरमन तिच्याशी बोलताना मऊ होत. आणि फोन सुनेत्राकडे आला की पुन्हा आपल्या मूळच्या आवाजात येत. "हां, स्टोअर्स दो, जल्दी." सुनेत्रा स्टोअर्स देई. तिचं काम विभावरीपेक्षा चोख होतं. तिच्या हातून चुकीचा नंबर कधी लागला नाही. पण बरोबर नंबर लागल्याचं कुणाला काय?

सुनेत्राचा नवरा मुरलीधर ड्रॉइंग ऑफिसात होता, शेडच्या बाजूला. बायकोशी बोलायचं असलं तरी त्याला विभावरीमार्फतच यावं लागे. फोन सुनेत्राकडे पोचे तेव्हा त्याच्या बोलण्याचं शेपूट तिच्या कानात पडे. "...काय हो मॅडम, आमच्या भागात पण गारठा आहेच की!" आणि मग बायकोला, एकदम कोरडं, "ऐकून राहिली का? संध्याकाळी मेथी आणू की नको?"

बोर्डावरच्या बायकांना एक गोष्ट ठाऊक असते. जोडून दिल्यावर चावी बंद करायची असते. ती उघडी ठेवली तर दोघांचं बोलणं आपल्याला ऐकू येतं. फक्त, आपण ऐकायला लागलो की लाइनवरचा आवाज किंचित बसतो. बोलणाऱ्याला कळत नाही. दुसऱ्या बोर्डावरच्या बाईनेही चावी उघडी ठेवली असेल तर तिला मात्र कळतं. आवाज आणखी एक पायरी खाली उतरतो.

सुनेत्रा ऐकत असे. आणि ऐकता ऐकता तिला कळलं की विभावरीही ऐकते. म्हणजे आपण ऐकतो हे तिलाही कळलं असणार. चार वर्षांत दोघी यावर एक अक्षर बोलल्या नाहीत. कँटीनमध्ये भेटत, डबे उघडत, लोणच्याची फोड एकमेकींना देत.

सुनेत्राला सगळ्यात जास्त कशाचा राग होता? मुरलीधर तिच्याशी बोलत असताना आवाज कधी बसला नाही. ती मेथीबद्दल बोलताना वाट बघे, की आता बसेल, आता ही ऐकायला लागेल. विभावरी चावी बंद करून खुशाल बाजूला होई. नवरा-बायकोचं ऐकू नये म्हणून असेल. सुनेत्राला मात्र वाटे, आपल्या संसारात ऐकण्यासारखं काही नाही असं हिनं ठरवूनच टाकलंय.

पासष्टच्या लढाईत एक दिवस कलकत्त्याहून फोन आला. लाइन इतकी खराब की इकडच्या साहेबाला तिकडचं कळेना. सुनेत्रा मध्ये बसली. तिकडचं एक वाक्य ऐकायचं, इकडे ओरडून सांगायचं, इकडचं तिकडे. जेवणाच्या सुट्टीपासून दिवे लागेपर्यंत. घसा पार गेला. दुसऱ्या दिवशी कलकत्त्याहून निरोप आला, त्या छान आवाजाच्या बाईंना आमचे आभार सांगा. साहेबाने विचारही केला नाही. शिपायाबरोबर खोव्याच्या जिलेबीचा पुडा पाठवला, तो थेट नव्या बोर्डावर.

विभावरी तो घेऊन स्वतः चालत ऑफिसात आली. "ताई, हे तुमचं. मी काल बोर्डावर नव्हतेच, भावाकडे होते राइट टाउनला. साहेबांना सांगून आलेय मी."

सगळ्यांसमोर म्हणाली. आणि सगळे म्हणाले, काय पण मनाची मोठी बाई! सुनेत्राच्या घशाबद्दल कुणी बोललं नाही. घरी मुरलीधरने जिलेबी तोंडात टाकली आणि विचारलं, "तिनं स्वतः आणून दिली? भली बाई आहे हो."

सुनेत्राने पुडा त्याच्यापुढे सरकवला. स्वतः एकही खाल्ली नाही.

एकाहत्तरच्या नोव्हेंबरात विभावरी परत आली ती विधवा होऊन. नवरा रेल्वेत होता, यार्डात डब्यांच्या मध्ये सापडला. राइट टाउनला भावाकडे ती राहत होती आणि भावजय रोज ताटाकडे बघून उसासे टाकत होती. एका रविवारी ती सुनेत्राच्या क्वार्टरवर आली. केस कानांवर पांढरे झालेले, मनगटं काड्यांसारखी. दारात उभी होती तेव्हा सुनेत्राने ओळखलं नाही.

"ताई, मी आहे," ती म्हणाली.

आवाज तसाच होता. इतकं होऊनही आवाजाला काही झालं नव्हतं. सुनेत्राचा जुना राग जागा झाला, आणि बाईच्या दुःखासमोर आपल्याला हेच आधी सुचावं याची लाजही वाटली. लाज विरली. राग राहिला.

"या या, विभावरीजी!" मुरलीधर आतून आला. "बसा. सुनेत्रा, तू बस, चहा मी ठेवतो."

लग्नाला बारा वर्षं झाली, त्याने कधी स्टोव्ह पेटवला नव्हता. आतून काडेपेटी सापडत नसल्याचे आवाज येत राहिले.

"नव्या बोर्डावर जागा आहे म्हणे," विभावरी म्हणाली. "लढाई लागेल असं सगळे म्हणून राहिले. बोकील साहेब तुम्हाला विचारणार आहेत."

"मला काहून?"

"माझ्याबरोबर काम केलेलं दुसरं कोण उरलंय?" तिने पदर सारखा केला. "वशिला नका लावू, ताई. खरं काय ते सांगा, बस्."

हेही तिचं नेहमीचंच. मागायला आली तीही दुसऱ्यालाच खरं बोलण्याची मोकळीक देऊन गेली.

रामराव बोकील ऑफिसातले मोठे अधिकारी. माणूस घ्यायचा तर ते कागदांपेक्षा सोबत काम केलेल्या माणसाच्या शब्दावर जात, आणि तो शब्द खोटा निघाला तर देणाऱ्याला धरत. ब्लॅकआउटसाठी त्यांच्या खोलीच्या काचांवर काळा कागद चिकटवण्याचं काम चाललं होतं. खळीचा वास सुटला होता.

"घटाटेबाई, एकच विचारतो. काम कसं करते ते मला ठाऊक आहे, आवाजाची तारीफ ऐकून ऐकून कान किटले. पण दिवस असे आहेत. कुठला माल कुठे जातो, सगळं त्या तारेतून जातं. बाई दुसऱ्याचे फोन ऐकते का?"

सुनेत्राला वाटलं नव्हतं की इतकं सोपं असेल. खोटं बोलायला नको, रंगवायला नको.

"ऐकते, सर."

बोकीलांनी मान हलवली. "मग विषय संपला. बरं झालं सांगितलंत."

ती उठली. दारापर्यंत गेली. ऊर हलका व्हायला हवा होता. पण तिला दिसायला लागलं पुढचं सगळं. विभावरीला कळेल. ती कँटीनमध्ये कुणाला तरी म्हणेल, ताईंनी खरं तेच सांगितलं, त्यांचा काय दोष? आणि ऐकणारा म्हणेल, काय पण मनाची मोठी बाई! मुरलीधर म्हणेल. नोकरी न मिळूनही तीच वर राहील, आणि आपण जिलेबीच्या पुड्यापुढे बसलेल्या, घसा बसलेल्या.

"पण तुम्हाला कसं कळलं?" मागून बोकीलांनी सहज विचारलं. "ती तिकडे, तुम्ही इकडे."

अंदाज, असं म्हणता आलं असतं. बोकीलांना बोर्डातलं काय कळत होतं?

"ती ऐकायला लागली की लाइनवरचा आवाज बसतो, सर. आपणही ऐकत असू तर कळतं." तिने काळ्या कागदाकडे बघत सांगून टाकलं. "मीही ऐकत होते."

कागद चिकटवणाऱ्याचा हात थांबला. बोकीलांनी त्याला बाहेर जायला सांगितलं.

"बसा," ते म्हणाले. दार लावून घेतलं. मग, "चार वर्षांत तुमच्या तोंडून बाहेर काही गेलं?"

"नाही."

"तिच्या?"

इथेही माहीत नाही म्हणता आलं असतं. पण एकदा विभावरीची बरोबरी करायला निघाल्यावर अर्ध्यात थांबणं तिला जमेना.

"नाही गेलं, सर. तिला माझं ऐकणं माहीत होतं. काही बाहेर जायचं असतं तर आधी तेच गेलं असतं."

बोकीलांनी चष्मा काढून पुसला. "चलो. दोघी एकमेकींचा आवाज बसलेला ओळखता. मला यापेक्षा चांगला पहारेकरी मिळायचा नाही. तुमचं काय करायचं ते लढाई संपल्यावर बघू. सोमवारपासून येऊ दे तिला."

सुनेत्रा बाहेर आली तेव्हा तिला कळेना, आपण हिला बुडवायला गेलो होतो की तारायला. इतकं मात्र कळलं की हिला आपणच आणली, आणि हे कुणाला कधी सांगता येणार नाही.

सोमवारी सकाळी नव्या बोर्डाचा दिवा लागला. "ताई, ड्रॉइंग ऑफिसला स्टोअर्स हवंय," ओळखीचा जाड आवाज म्हणाला. सुनेत्राने दोरी खोचली. चावीवर बोट होतं, पण ती तिने बंद केली नाही.

मुरलीधर स्टोअर्सवाल्याशी कसल्याशा नकाशाबद्दल बोलला. आवाज दोन पायऱ्या खाली होता. म्हणजे तीही होती. स्टोअर्सवाल्याने फोन ठेवला. मुरलीधरने ठेवला नाही.

"मॅडम?" तो हळूच म्हणाला. "आलात ना परत? फार बरं वाटलं बघा. तुमच्याशिवाय या लाइनला..."

"ताई आहेत लाइनवर," विभावरी म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "त्यांच्याशी बोला."

खट झालं. विभावरीने आपली चावी बंद केली होती. आणि नवऱ्याचा आवाज एकदम वर आला, स्वच्छ, मोठा, कानाशी बसून बोलावं तसा. इतका स्पष्ट तो सुनेत्राने किती वर्षांत ऐकला नव्हता.

"हॅलो? कोण आहे? सुनेत्रा? तू आहेस का?"

त्याचा श्वास ऐकू येत होता. त्यात घाबरल्याचं होतं, आणि आणखी कसलं तरी, जे तिच्यासाठी नव्हतं.

सुनेत्राने घसा साफ केला.

"नंबर प्लीज," ती म्हणाली.