ऑर्विनने न भरलेला कर

ऑर्विन टॉलेफ्सनला माझ्या दुकानातलं सगळं चालायचं. काडतुसं, दुर्बिणी, हातमोजे, फुकटची कॉफी, कशालाच त्याची ना नव्हती. काउंटरच्या मागच्या फळीवर मात्र सायलेन्सर मांडलेले असत आणि त्यांच्याकडे तो चोराकडे बघावं तसा बघायचा.

आमच्या मॉन्टानात त्याला कोणी सायलेन्सर म्हणत नाही, नळकांडं म्हणतात. बंदुकीच्या तोंडाला लावायचं. सिनेमात होतं तसं फुस्स वगैरे काही होत नाही. मोठ्या रायफलीचा बार मोठाच राहतो, फक्त कान वाचतो. एवढ्यावर सरकार एकोणीसशे चौतीस सालापासून दोनशे डॉलर कर घेत आलं. त्या काळी तेवढ्यात जुनी मोटार यायची. ऑर्विनच्या आजोबांकडे एक नळकांडं होतं. कर लागला त्या आठवड्यात त्यांनी ते नदीत फेकून दिलं. मग बापाने घेतलं नाही, ऑर्विननेही नाही. त्या घराण्यात शेत, लांब नाक आणि हा हट्ट वारसाने मिळतो.

उजव्या खांद्याला बंदूक लावणाऱ्याचा डावा कान आधी जातो. ऑर्विनचा पन्नाशीत गेला. उजवा शाबूत होता, आणि तो साधासुधा कान नव्हता. सप्टेंबरात नर एल्क, आमच्याकडची सांबरासारखी थोराड हरणं, माजावर आले की डोंगरात उंच शीळ घालतात. आम्हाला सगळ्या सारख्या. ऑर्विन घरापुढच्या पडवीत बसून सांगायचा, "हा तुटक्या शिंगाचा. आणि हा गेल्या वर्षीचा पोरगा, आवाज फुटलाय आता." पुढे शिकारीला गेलं की बेट्याचं खरं निघायचं. बायको मार्डेल शेजारी विणत बसलेली असायची.

"ऐकलंस?" तो विचारायचा.

"ऐकलं," ती म्हणायची. सेहेचाळीस वर्षांत तिला एक एल्क दुसऱ्यापासून वेगळा ओळखता आला नव्हता.

दोन हजार पंचवीस सालच्या मे महिन्यात कानाच्या डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलं: उजवाही काठावर आलाय. नळकांडं लावा, नाहीतर बंदूक टांगून ठेवा. मार्डेल त्याला दंडाला धरून माझ्या दुकानात घेऊन आली. महिनाभर तो कुरकुरला आणि शेवटी कबूल होण्याच्या बेतात आला. तेवढ्यात जुलैमध्ये वॉशिंग्टनला कायदा झाला. एक जानेवारीपासून कर शून्य. अर्ज, फोटो, बोटांचे ठसे सगळं तसंच. फक्त दोनशे डॉलर नाहीत.

आणि मी, हा शहाणा, काउंटरवर टेकून म्हणालो, "ऑर्विन, आता कशाला घेतोस? जानेवारीपर्यंत थांब की."

हे मी त्या उन्हाळ्यात प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होतो. लोक खूश होऊन जायचे. त्याचा परिणाम असा झाला की ऑक्टोबरपर्यंत माझं एकही नळकांडं विकलं गेलं नाही. आमच्या दरीतली सगळी वस्ती जानेवारीची वाट बघत बसली. शेवटी मी दारावर पाटी लावली: कर आम्ही भरतो. तेव्हा अर्ज आठवड्याभरात मंजूर होत होते आणि शिकारीचा हंगाम तीन आठवड्यांवर होता. मी स्वतः ऑर्विनला फोन केला.

तो आला, पाटी दोनदा वाचली.

"म्हणजे मी भरायचा नाही?"

"एक पैसा नाही. मी भरतो."

"आणि जातो कुठे?"

"कुठे म्हणजे? सरकारकडे."

"मग कोणाच्या खिशातून गेला याने काय फरक पडतो, क्लेम? आमच्या घरातल्या नळकांड्यावर सरकारने दोनशे डॉलर खाल्ले, असं होईलच ना."

मार्डेल भडकली. "अरे माणसा, तुझा कान जाईल!"

"एक्क्याण्णव वर्षं थांबलो आम्ही. तीन महिन्यांनी काय होतंय?"

"आम्ही? तू एकाहत्तरचा आहेस!"

"आजोबा धरून बोलतोय मी."

मी आणखी भांडायला हवं होतं. नाही भांडलो. गिऱ्हाइकाशी किती वाद घालायचा, असं मला तेव्हा वाटलं, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

मार्डेलने मग कानात घालायचे बोळे आणले आणि दोरीला बांधून त्याच्या गळ्यात अडकवले. ऑर्विनने ते इमानदारीने गळ्यात बाळगले. कानात घातले तर एल्क कसा ऐकू येणार? बार काढायच्या आधी घालू, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. एल्क समोर आला की बोळ्यांची आठवण कोणाला राहत नाही. हंगामाच्या शेवटच्या शनिवारी खडकाच्या कपारीतून त्याने एकच गोळी झाडली. एल्क पडला. मांसाने त्यांचा फ्रीझर भरला, माझ्या घरीही एक पुडकं आलं. बोळे गळ्यातच होते.

"कानांना दडे बसलेत," तो सांगत फिरला. "उघडतील."

एक जानेवारीला सकाळी आठ वाजता तो माझ्या दारात हजर. पण सगळ्या देशाने तोच दिवस धरून ठेवला होता. सरकारची यंत्रणा कोलमडल्यासारखी झाली आणि मालाचा तुटवडा पडला. ऑक्टोबरात सहाशेला पडून असलेलं नळकांडं साडेआठशेला झालं होतं. मी ओशाळून किंमत सांगितली. त्याने माझ्या ओठांकडे बघितलं आणि खिशातून पैसे काढले.

"कर?"

मी बोटांनी शून्य करून दाखवलं. तो असा हसला की जणू आजोबा मागे उभे आहेत.

मंजुरी येईपर्यंत नळकांडं माझ्या तिजोरीत ठेवावं लागतं. आमच्याकडे त्याला 'तुरुंगात आहे' म्हणतात, आणि मालक लोक भेटायला येतात. ऑर्विन दर मंगळवारी यायचा. मी ते तिजोरीतून काढून द्यायचो, तो हातात घेऊन कॉफी प्यायचा आणि परत द्यायचा. मी काही विचारलं की तो मान डोलवायचा. म्हातारा खुशीत आहे, असं मी समजलो. आठ मंगळवार मी हेच समजत होतो.

मार्चच्या पहिल्या शनिवारी, मंजुरी आल्यावर, त्याने मला घरी बोलावलं. गोठ्यामागे बर्फात टेबल मांडलं होतं. मार्डेल होती, कुत्री टिली होती. ऑर्विनने नळकांडं पिळून बसवलं, नेम धरला आणि चाप ओढला.

कडाड् झालं. व्हायचं तेवढं झालंच.

ऑर्विन आनंदाने ओरडला, "वा रे वा! क्लेम, काहीच नाही! सुई पडल्याएवढंसुद्धा नाही!"

तो आमच्याकडे वळला. टिली ट्रकखाली जाऊन थरथरत होती. मार्डेलचे दोन्ही हात कानांवर होते, ती ते खाली घ्यायला विसरली होती.

ऑर्विनने टिलीकडे बघितलं, मार्डेलकडे बघितलं. मग त्याने पुन्हा निशाणाकडे बंदूक रोखली, पण या वेळी मान वळवून मार्डेलकडे बघत चाप ओढला. बिचारीने खूप आवरलं. तरी दचकलीच.

त्याने बंदूक रिकामी केली, टेबलावर आडवी ठेवली आणि नळकांड्यावरचा बर्फ बाहीने पुसला.

"दडे नाहीत ते," तो म्हणाला.

मार्डेल त्याच्याजवळ गेली. तिने त्याच्या गळ्यातली बोळ्यांची दोरी काढली आणि आपल्या खिशात टाकली. मला त्या क्षणी जुलैतला मी सापडला असता तर थोबाडला असता.

ऑर्विन वर डोंगराकडे बघत होता. "सप्टेंबरात कोण कोण आलेत ते तू सांगत जा मला," तो म्हणाला.

"मला कुठे ओळखता येतात रे ते," मार्डेल म्हणाली.

तो डोंगराकडेच बघत होता, तिचे ओठ त्याला दिसले नाहीत. ती हो म्हणाली असं समजून त्याने मान डोलावली.