उजव्या हाताची करंगळी

वच्छला सिस्टर गेल्याचा फोन आला तेव्हा मी शेंगा फोडत होते. फोन ठेवला आणि उरलेल्या शेंगाही फोडून टाकल्या. माणूस गेलं म्हणून हातातलं काम सोडणारी मी न्हाई. माझ्या लेकीचा, गोदीचा पाय गेला त्या दिवशीही मी आधी भाकरी थापल्या होत्या.

आमच्या औंढ्याजवळच्या गावात सिस्टर पोलिओच्या डोसाची पेटी खांद्याला अडकवून दारोदार यायच्या. डोस पाजला की लेकराच्या डाव्या करंगळीच्या नखावर शाईची खूण करायच्या. त्या काळी गावात एक महाशहाणी सून राहत होती. पहिल्या डोसानंतर गोदीला हगवण लागली, म्हणजे डोसानेच लागली, असा तिचा शोध. रविवारी ती बूथवर गेलीच नाही. मंगळवारी सिस्टर दारात आल्या, आणि हिला निघायचं होतं कनेरगाव नाक्याला, भाचीच्या हळदीला. अंगावर कोरी साडी. जीपमध्ये लेकराने ती खराब केली तर? थोरल्याच्या दप्तरातला स्केचपेन काढून तिने गोदीचं नख रंगवलं आणि म्हणाली, "बूथवर पाजून आणला जी!" सिस्टरांनी नख पाहिलं, जरा थांबल्या... आणि दारावर खडूने डोस झाल्याची खूण करून पुढे गेल्या. जीपमध्ये ती शहाणी वाटभर हसत होती. तिला मुस्काटात द्यावी वाटते, पण गाल माझाच निघतो.

पुढे गोदीला ताप आला आणि तिसऱ्या दिवशी एक पाय ओल्या फडक्यासारखा लोंबला. साडीवर मात्र डाग न्हाई.

गावाने सिस्टरांना धरलं. "डोस घेऊनबी लकवा?" पेटीतला बर्फ सांभाळता येत नाही, डोस खराब होतो म्हणून दवाखान्याच्या साहेबांनी त्यांना माझ्याच दारात झापलं. मी पदरात तोंड खुपसून रडत होते. तोंड बंद ठेवायला पदर फार कामाचा.

तरी सिस्टर वर्षानुवर्षं येत राहिल्या. घोंगडीचे तुकडे गरम पाण्यात पिळून पायाला गुंडाळायच्या, तळवा फळीला टेकवून सरळ ठेवायच्या. "पाय परत येईल का?" मी विचारलं. "न्हाई. गेलेलं येत न्हाई. उरलेलं वाकडं होऊ देऊ नका." पायाला पट्ट्यांचा बूट चढवून गोदी शाळेत गेली. मला वाटायचं, ही सिस्टरबाई किती भोळी!

त्या जायच्या आठ दिवस आधी मी हिंगोलीला भेटायला गेले. धीर करून म्हणाले, "सिस्टर, ती खूण..."

"उजव्या करंगळीला होती. आमी डावी रंगवत असतो. दारातच दिसलं होतं मला."

"मग बोलल्या काहून न्हाई?"

"तुमच्या तोंडाला भेत होते. पाय दुखून राहिले होते. म्हणलं, एका घरानं काय होतंय..." मग कूस बदलून म्हणाल्या, "गोदीला तुमी सांगा. माझ्यानं झालं न्हाई."

परवा नातवाला डोस पाजला. मी त्याचे दोन्ही हात उलटसुलट पाहिले. गोदी म्हणाली, "आई, दोन्ही काहून बघून राहिलीस?" मी म्हटलं, "नखं वाढली का बघते." अजून ती शहाणी मेलेली नाही.

म्हणून हे लिहून पेपरच्या रविवारच्या पुरवणीला धाडलं. माझी नजर अधू, छापील बारीक अक्षर दिसत न्हाई; ही पुरवणी दर रविवारी गोदीच मला मोठ्याने वाचून दाखवते. तिचा पाय फळीवर टेकवलेला, त्यावर सिस्टरांनी कापून दिलेला घोंगडीचा गरम तुकडा... वाच बाई. थांबू नको.