रविवारपुरती एक चूक

आमच्या क्लासमधल्या काकांइतका शिकण्याचा हावरेपणा मी दुसऱ्या कुणात पाहिलेला नाही, आणि शिकलेल्याचा काडीइतकाही उपयोग नसलेला विद्यार्थीही दुसरा पाहिलेला नाही. इंदूरला भंवरकुआं भागात एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर कॉम्प्युटर नेटवर्किंगचा तो क्लास होता. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात, सहा आठवडे रगडून घ्यायचं आणि शेवटी प्रमाणपत्राची परीक्षा, असा मामला. वर्गात बाकी सगळी नुकती इंजिनियर झालेली, नोकरीच्या मागे लागलेली पोरं. मी चाळिशीला टेकलेला. कऱ्हाड सोडून इंदूरजवळच्या पीथमपूरच्या ज्या कारखान्यात लागलो होतो, तिथली मशीनं नेटवर्कला जोडली गेली आणि साहेबांनी मला कामातून मोकळं करून इथं बसवलं. काका मात्र सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. त्यांना ना नोकरी हवी होती ना बढती. घरी त्यांच्याकडे एक मोबाइल आणि एक बंद पडलेला रेडिओ, एवढीच काय ती यंत्रसामग्री होती.

शटर उघडायच्या आधी ते जिन्यात हजर असत. काखेत घरून आणलेली उशी, कारण क्लासच्या खुर्च्या त्यांच्या मते माणसांसाठी बनवलेल्याच नव्हत्या. गळ्यात मफलर, कारण एसी पोरांना सोसतो, त्यांना नाही. आणि खिशात जीरावन मसाल्याची डबी. इंदूरकर पोह्यांवर जीरावन घालतात हे मला ठाऊक होतं, पण काका ते बिस्किटावरही भुरभुरत आणि शेजाऱ्याला विचारल्याशिवाय त्याच्याही बिस्किटावर भुरभुरत. शेजारी मी होतो. पहिले दोन दिवस मी सभ्यपणे नको म्हटलं, तिसऱ्या दिवशी खाल्लं, आणि आता कऱ्हाडला जाताना माझ्या बॅगेत ती डबी असते. लोकांना बिघडवण्याची काकांची हातोटी अशी सावकाश काम करणारी होती.

शिकवणारे सर पोरगेलेसे होते आणि त्यांना काकांचा धाक होता. कारण सरांनी काहीही सांगितलं की काका ते आधी आपल्या घराण्यात बसवून बघत. काकांचे पणजोबा म्हणे होळकरांच्या दरबारी देवडीवर पहाऱ्याला होते. त्यामुळे राउटर माहितीचं कुठलं पाकीट आत सोडतो आणि कुठलं अडवतो हा धडा सुरू झाला तेव्हा काका समाधानाने मागे रेलले आणि हे तर आमच्याच घरचं काम आहे असं त्यांनी सगळ्या वर्गाला हिंदीतून समजावून सांगितलं. कोण, कुठून आला, कुणाकडे जायचंय, एवढं विचारायचं आणि यादीत नाव नसेल तर बाहेर. यात इंग्रजांनी नवीन काय केलं, असा त्यांचा सवाल होता. पुढे परीक्षेत त्या धड्यावरचे माझे सगळे प्रश्न बरोबर आले, ते डोळ्यांपुढे पगडीवाले पणजोबा आणूनच.

सरावाला प्रत्येकाला तीन-चार राउटर मिळत आणि त्यांना नावं द्यावी लागत. पोरं आर-वन, आर-टू अशी नावं देऊन मोकळी होत. काकांनी नातेवाइकांची नावं दिली. एकदा सरांनी पहिला राउटर दुसऱ्याला जोडायला सांगितलं तर काका हात बांधून बसले. चौकशी केल्यावर कळलं की पहिली त्यांची गौतमपुऱ्याची मावशी होती आणि दुसरी जुन्या इंदुरातली काकू, आणि एका लग्नातल्या मानपानावरून दोघींचं बोलणं बंद झालं होतं ते झालंच होतं. सरांनी कपाळाला हात लावला. शेवटी काकांनीच तोड काढली. मधे तिसरा राउटर ठेवला, त्याला दोन्ही घरी जाणं-येणं असलेल्या मेहुण्याचं नाव दिलं, आणि मावशीचा निरोप मेहुण्यामार्फत काकूला बिनबोभाट पोचला. सर म्हणाले, जोडणी अगदी बरोबर आहे. काका म्हणाले, तीस वर्षं अशीच चालू आहे.

पण मला आठवतं ते त्यांचं पिंग करणं. एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्याला हाक मारायची आणि तो ओ देतो का बघायचं, याला पिंग म्हणतात. उत्तर आलं की पोरं पुढच्या कामाला लागत. काका पडद्याकडे झुकून प्रत्येक उत्तराला हळूच ‘हां, बोला’ म्हणत. उत्तर आलं नाही तर मात्र त्यांचा जीव कासावीस होई. सर म्हणत, अंकलजी, बंद करा, वायर तपासा. काका बंद करत नसत. ‘जेवत असेल,’ ते म्हणायचे, ‘थोडं थांबून बघू ना.’ पोरं हसायची, मीही हसायचो. हसता हसता मला माझी खोली आठवायची. बायको आणि मुलगी शाळेपायी कऱ्हाडला राहिलेल्या, बडा गणपतीजवळच्या त्या खोलीत मी गेलं वर्षभर एकटा, आणि रोजच्या फोनवर तीच चार वाक्यं. मला फार एकटं वाटायचं, आणि ते सांगायला कुणी नव्हतं.

संध्याकाळी आम्ही दोघं एकाच रिक्षाने निघायचो. काकांचं घर जुन्या इंदुरात, वाटेवर. उतरल्यावर ते रिक्षाची दांडी धरून बोलत उभे राहायचे, इतके, की रिक्षावाले कंटाळून आम्हाला दोघांनाही उतरवून द्यायचे. एकदा असेच दोघे रस्त्यावर उभे असताना मी विचारलं, की काका, या वयात हा खटाटोप कशासाठी?

‘पोरासाठी, भिया,’ ते म्हणाले. ‘तो तिकडे आयर्लंडला हेच करतो, नेटवर्किंग. दर संडेला फोन येतो त्याचा. पहले कसं होतं, फोन आला की मी तब्येत विचारायचो आणि म्हणायचो, थांब, आईला देतो. मग ती दोघं घंटाभर बोलायची. आता ती नाहीये. मी तब्येत विचारतो, तो माझी विचारतो, आणि मग मला कळतच नाही की आता फोन कोणाला द्यायचा.’

तर एवढ्यासाठी हा माणूस उशी काखेत मारून रोज तीन मजले चढत होता. मुलाशी बोलायला विषय पाहिजे, आणि मुलाचा विषय हा. पहिल्या रविवारसाठी त्यांनी पुस्तकात दिलेले नेटवर्कचे सातही थर तोंडपाठ केले आणि फोनवर धडाधड म्हणून दाखवले. मुलगा म्हणाला, वा बाबा, छान. आणि फोन संपला. दुसऱ्या रविवारी त्यांनी सरांकडून एक अवघड प्रश्न तयार करून घेतला. मुलगा म्हणाला, हो बाबा, तसंच असतं. सोमवारी काकांनी जीरावनची डबी बाहेरच काढली नाही.

तिसऱ्या रविवारी चमत्कार झाला, आणि तो काकांच्या चुकीमुळे झाला. नेटवर्कमधून बाहेर पडायला जे दार लागतं, त्याचा पत्ता आपल्याच नेटवर्कमधला द्यावा लागतो. काकांनी सरावात भलत्याच नेटवर्कमधला दिला होता आणि हे कसं चालत नाही म्हणून ते मुलाकडे कुरकुरले. मुलगा आधी हसला. मग म्हणाला, बाबा, आपल्या घराचं दार शेजारच्या गल्लीत कसं असेल? मग त्याने समजावून सांगितलं, मग काकांना कळलं नाही म्हणून पुन्हा सांगितलं, मग नोकरीच्या पहिल्या महिन्यात त्यानेही हाच घोळ घालून अख्खं ऑफिस कसं बंद पाडलं होतं ते सांगितलं. ही गोष्ट त्याने आईलासुद्धा सांगितली नव्हती. सोमवारी काका मला हे सांगत होते तेव्हा त्यांचा चहा पार गार झाला होता आणि चेहरा नवऱ्यामुलासारखा दिसत होता.

त्या दिवसापासून काका चुका गोळा करू लागले. शनिवारी दुपारी ते वर्गात फिरून प्रत्येकाला विचारत, आज तुझं काय चुकलं? ज्या वर्गात चूक लपवायची पद्धत, तिथे पोरं बोलावून बोलावून सांगू लागली, ‘अंकल, मेरी वाली ले जाओ, बढ़िया है.’ काका सगळ्या ऐकून घेत आणि निवड करत. फार बाळबोध चूक नको, मुलगा काळजीत पडतो आणि डॉक्टरकडे जा म्हणतो. फार अवघड नको, तो म्हणतो बघून सांगतो. अर्धवट कळल्यामुळे होणारी, जरा गोष्ट सांगण्याजोगी चूक हवी. अशी अचूक चूक निवडायला विषय किती कळावा लागतो हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, काकांच्याही नाही.

ते लक्षात आलं परीक्षेच्या दिवशी. शेवटचं बटण दाबलं की निकाल तिथल्या तिथे पडद्यावर येतो. मी काठावर पास झालो. काका वर्गात दुसरे आले. पोरांनी टाळ्या वाजवल्या, सरांनी पेढे मागवले, आणि काका पेढा हातात धरून जिन्यात जाऊन बसले. मी शेजारी बसलो. त्यांना काय झालं होतं ते मला विचारावं लागलं नाही. आता मुलगा अभिनंदन म्हणणार, आणि त्यानंतर पुन्हा तब्येत. थोड्या वेळाने त्यांनी अर्धा पेढा मला दिला आणि मुलाला नापास झालो म्हणून सांगणार असल्याचं जाहीर केलं. मुलगा त्या रविवारी म्हणाला, बाबा, नाराज होऊ नका, दर रविवारी मी थोडं थोडं शिकवतो, पुढच्या वेळी बसा.

याला आता वर्ष होत आलं. क्लास सुटला, पोरं पुण्या-बंगळूरला पांगली आणि काकांना चुका मिळण्याचं ठिकाण बंद झालं. राहिलो मी. दर शनिवारी संध्याकाळी काकांचा फोन येतो, या आठवड्यात कारखान्यात काय चुकलं? देवाच्या दयेने माझं काही ना काही चुकतंच. मी सांगतो, ते खोदून खोदून विचारतात, मग माझं जेवण निघतं, बायको-मुलीची चौकशी निघते, आणि माझा शनिवार बरा जातो. खरं सांगायचं तर शुक्रवारपासूनच मी त्या फोनची वाट बघतो.

गेल्या शनिवारी माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. आठवडाभर सगळं सुरळीत चाललं होतं. पण नाही म्हटलं तर फोन ठेवला जाईल या भीतीने मी सुचेल ते सांगून दिलं. म्हटलं, काका, नवीन केबल घाईत उलटी लावली. जे टोक मशीनला लावायचं ते नेटवर्कच्या स्विचला लागलं आणि स्विचचं मशीनला, आणि सगळं बंद पडलं.

मग काका हळूच म्हणाले, ‘भिया, केबलची दोन्ही टोकं एकसारखी असतात. उलटी लागतच नाही ती. तू हे बनवून सांगतोयस.’

मी हो म्हटलं. मला वाटलं, ते हसतील. ते हसले नाहीत.

‘म्हणजे माझ्या पोरालाही कळत असेल,’ ते म्हणाले. ‘तो तर माझ्याहून किती तरी जास्त शिकलेला आहे. पहल्या दिवसापासूनच कळत असेल.’

फोन चालू होता, त्यांचा श्वास ऐकू येत होता.

‘तरी दर संडेला समजावून सांगतो, भिया,’ काका म्हणाले. मग त्यांनी घसा साफ केला, आणि खुर्ची ओढून नीट बसल्याचा आवाज मला आला. ‘बरं, सांग. उलटी लागली केबल. मग पुढे काय झालं?’

मी सांगायला लागलो.